वर जमीन, खाली आभाळ

भविष्य सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नवरा गेला तेव्हा माझी तिशी नुकतीच उलटली होती आणि पुढच्या वर्षभरात मला न विचारता माझी पत्रिका कुणाकुणाच्या हातात जाऊन आली, देव जाणे. कुणी मंगळाला दोष दिला, कुणी शनीला. एका गृहस्थांनी तर नवऱ्याच्या हृदयविकाराचं खापर माझ्या पायगुणावर फोडलं. त्यांना मी चहाचा कप अर्धा असतानाच दार दाखवलं. माझा स्वभाव तापट आहे, तो काही वैधव्यानं थंड झाला नाही. अशा बाईनं आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय तीन तांब्याचे पैसे फरशीवर टाकून घेतला, असं सांगितलं तर माझ्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणी हसतील. खुशाल हसू देत.

पैसे आमच्या शेजारच्या चाचांचे होते. औरंगाबादला औरंगपुऱ्यामागच्या माझ्या माहेरच्या गल्लीत त्यांचं आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकलेलं, आणि त्या भिंतीत एक झडप असलेली खिडकी. तिच्यातून इकडची आमटी तिकडं आणि तिकडची शिरखुर्म्याची वाटी इकडं येत असे. चाचा गणिताचे मास्तर. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांत त्यांची शाळा मराठी झाली आणि या माणसाला तिशीच्या उंबरठ्यावर बाराखडी गिरवायला बसावं लागलं. शिकवणारे माझे वडील. ते त्याच शाळेत होते. वडील सांगायचे, सवयीनं चाचा पाटीच्या उजव्या कडेपासून सुरुवात करायचे, आणि अर्ध्या शब्दात लक्षात आलं की स्वतःवरच हसत सगळं पुसायचे. पुढं त्यांचं मराठी अक्षर इतकं सुरेख झालं की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार तेच लिहीत. आईवडील दोघंही गेल्यावर मला हक्कानं रागावणारं माणूस म्हणून तेच उरले होते.

त्या काळी अजिंठा-वेरूळ बघायला येणारे लांब केसांचे गोरे लोक स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरायचे आणि जाताना ओझं नको म्हणून पुस्तकं तिथंच टाकून जायचे. ती रद्दीत यायची. चाचा निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी रद्दीच्या दुकानात तास काढत. एकदा ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. चीन देशातलं हजारो वर्षांपूर्वीचं शकुनशास्त्र. सुरुवातीची पानं गायब होती, बहुधा शेंगदाण्याच्या पुड्यांत गेली असावीत. पण उरलेल्या पानांवरून चाचांनी गणिती डोक्यानं रीत जुळवली. तीन नाणी एकदम टाकायची. ती कशी पडतात त्यावरून एक रेघ काढायची, सलग किंवा मधे तुटलेली. असं सहा वेळा. सहा रेघांचं एक चिन्ह तयार होतं, तीन-तीन रेघांचे दोन भाग, प्रत्येकाला जमीन, आभाळ, पहाड, वीज असं काहीतरी नाव, आणि त्या जोडीचा अर्थ पुस्तकात शोधायचा.

नाणी म्हणून त्यांनी निजामाच्या वेळचे, मधे भोक असलेले पैसे पेटीतून काढले. झिजून झिजून त्यांच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या, म्हणून चाचींनी एकेका बाजूला नखं रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. रेघा काढायला माझ्या मुलीची पाटी.

"चाचा, तुम्ही पाच वेळचे नमाजी, आणि हे शकुन बघता?" मी टोकलंच.

"तौबा कर. उद्या काय होणार ते फक्त अल्लाहला माहीत," ते म्हणाले. "हे आरसा आहे, बेटी. आरशात उद्याचं तोंड दिसतं का? आजचंच दिसतं. तेवढं दिसलं तरी लई झालं."

मला ते पटलं. खरं तर पटण्यापेक्षा गंमत वाटली. शाळेतून आल्यावर तासभर त्यांच्या ओसरीवर बसायला मला एक निमित्त मिळालं, आणि त्या दिवसांत मला निमित्ताचीच गरज होती.

पहिल्याच संध्याकाळी भांडण झालं. रेघा वाचायच्या कुठून? चाचा म्हणाले, उजवीकडून. मी म्हटलं, डावीकडून, चिनी लोक काही उर्दू शिकलेले नाहीत. आम्ही दोघंही मास्तर, माघार कोण घेणार? आवाज चढले तशा चाची आतून लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. पाटीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कायकू झगडते जी? सीधी लकीर है. इधरसे पढो नैतो उधरसे पढो, क्या फरक पडता?"

आडव्या रेघेला डावं-उजवं नसतं हे गणिताच्या मास्तरला आणि भूगोलाच्या बाईला पोळ्या लाटणाऱ्या चाचींनी सांगावं लागलं. मग उरला प्रश्न वर-खालीचा, आणि त्यावर आमचं चटकन एकमत झालं. चाचांकडं एक चिनी फाउंटन पेन होतं. त्याच्या डबीवर अक्षरं एकाखाली एक लिहिलेली. "बघ, चिनी माणूस वरून खाली लिहितो," चाचा विजयी मुद्रेनं म्हणाले. मीही मान डोलावली. पहिली रेघ सगळ्यात वर, शेवटची सगळ्यात खाली. एवढं डोकं चालवल्यावर आम्हाला शंका कशी येणार?

वर्षभर आम्ही त्याच रीतीनं चिन्हं वाचली. चाचांचं वाचणं मात्र बघण्यासारखं असायचं. ते पुस्तकातलं इंग्रजी नुसतं भाषांतर करून सांगत नसत. आधी तुम्हाला प्रश्न पाटीवर लिहायला लावायचे आणि तो त्यांना पटेपर्यंत पुसायला लावायचे. "सवाल साफ नसला तर जवाब कुठून साफ येणार?" एकदा मी विचारलं, माझ्या या रागाचं काय करू? नाणी टाकली तर पहाडावर पहाड असं चिन्ह आलं. चाचा म्हणाले, "पहाड सांगतो, थांब. मुख्याध्यापिकेला जवाब द्यायच्या आधी पहाड हो." मी आठवडाभर पहाड झाले. नंतर एका स्टाफ मीटिंगला तो पहाड फुटला आणि शिपायापर्यंत सगळ्यांनी ऐकला, ती गोष्ट वेगळी.

त्याच काळात दहावीचे पेपर तपासायच्या केंद्रावर माझी एका गृहस्थांशी ओळख झाली. पैठणच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. चाळिशी गाठली तरी लग्न केलेलं नव्हतं, कारण धाकट्या बहिणींची लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलं. कमी बोलणारा माणूस. एकदा मुलगी माझ्याबरोबर केंद्रावर आली होती, तिला ते कागदाचा मोर करून देत होते तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट बघितलं, आणि नंतर बघायचं थांबवता येईना. कामासाठी ते वरचेवर औरंगाबादला येत. एकदा बसस्टँडच्या कँटीनमध्ये चहा पिताना त्यांनी सरळ विचारलं, "आपण लग्न करायचं का? मला विचार करून झालाय. तुम्हाला वेळ लागेल. पण मी पुढच्या शनिवारी येतो, तेव्हा हो किंवा नाही, एकदाच सांगा. अधांतरी ठेवू नका."

पुढच्या शनिवारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. मला हो म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की त्याचीच भीती वाटत होती. पण माझ्या सासरची माणसं करमाडची, जमीनजुमला असलेली. त्यांच्या घरात विधवेनं पुन्हा लग्न केल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. कुणकुण लागताच मोठे दीर येऊन दारात उभे राहिले. आत येऊन बसलेसुद्धा नाहीत.

"तुला जायचं तं जा," ते म्हणाले. "तू लई शिकलेली, तुला कोण अडविणार? पण पोरगी आमची हाय. आमच्या भावाची तेवढीच निशाणी ऱ्हायली. ती दुसऱ्याच्या घरी वाढायची नाय."

ते वाईट नव्हते. भाऊ गेल्यापासून दर सुगीला मुलीसाठी ज्वारी आणून टाकायचे. म्हणूनच त्यांचं बोलणं मला जास्त लागलं. मुलगी आठ वर्षांची होती. तिला माझ्यापासून तोडलं तर मी जगू शकले नसते, आणि त्या माणसाला नाही म्हटलं तर जगले असते, पण नुसती जगले असते. हे दोन्ही मला माहीत होतं आणि पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी चाचांच्या ओसरीवर गेले. "आज खरं विचारायचंय," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि पाटी पुढं सरकवली.

मी लिहिलं, लोक काय म्हणतील? चाचांनी तळव्यानं पुसून टाकलं. "लोकांचा सवाल लोकांना विचारू दे."

मी लिहिलं, माझ्या मुलीचं काय होईल? ते पुसताना त्यांचा हात जरा थांबला. "हा सवाल तिचा आहे. ती मोठी झाली की टाकेल. तुझा लिही."

मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला. पेन्सिल इतकी दाबून लिहिलं की टोक मोडलं. मी लग्न करू का?

ते चाचांनी पुसलं नाही. त्यांनी माझ्या हातावर पैसे ठेवले. पहिल्यांदा टाकले, तुटलेली रेघ. दुसऱ्यांदा तुटलेली. तिसऱ्यांदाही तुटलेली. मग चौथी सलग आली, पाचवी सलग, सहावी सलग. मी एकाखाली एक काढत गेले. वर तीन तुटलेल्या, खाली तीन सलग. तुटलेल्या तीन म्हणजे जमीन, सलग तीन म्हणजे आभाळ, इतकं आता मला पाठ झालं होतं.

"हे तर सगळंच उलटं पडलंय," मी म्हटलं. "वर जमीन आणि खाली आभाळ. संपलं."

चाचा बराच वेळ पाटीकडं बघत राहिले. इतका वेळ की आतून चाचींनी, "क्या हुआ जी?" म्हणून विचारलं. मग त्यांनी चष्मा पुसला, पुस्तकातलं पान काढलं आणि शाळेत शिकवायचे त्या आवाजात सांगायला लागले.

"नीट ऐक. जमीन जड असते. ती कुठं जाणार? खाली. आभाळ हलकं असतं, ते वर जाणार. आता वर जमीन असली आणि खाली आभाळ, तर दोघं एकमेकांकडं चालत येतात. बीच में भेटतात. जिथं भेटतात तिथं अमन होतो, नवं उगवतं. चिनी माणसाला यापेक्षा भला शकुन माहीत नाही. आणि सगळं जागच्या जागी असतं ना, आभाळ वर, जमीन खाली, तेव्हा दोघं आपापल्या वाटेनं दूर जातात. काही हलत नाही, काही उगवत नाही. सगळं ठप. लोक ज्याला ठीकठाक म्हणतात ते हेच."

दोन वर्षं माझं सगळं जागच्या जागीच तर होतं. शाळा, घर, मुलीची वेणी, सुगीची ज्वारी.

"म्हणजे मी काय करू?"

"भारी आहे त्यानं उतरायचं, हलकं आहे त्यानं चढायचं. दीर तुझ्या दारात उभा राहून गेला. आता तू त्याच्या घरात जाऊन बस. इजाजत मागू नकोस, आणि भांडू पण नकोस. बस आणि सांग. पोरीला संगं ने."

शनिवारी मी हो म्हणाले. ते गृहस्थ इतके लाजले की चहाचे पैसे द्यायचे विसरले आणि कँटीनवाल्याला मागं धावत यावं लागलं. रविवारी मुलीला घेऊन मी जालन्याच्या एसटीत बसले आणि करमाडला उतरले. दिरांच्या बैठकीत सतरंजीवर बसले, पाणी मागून घेतलं आणि सांगितलं, "भाऊजी, मी लग्न करतेय. पोरगी माझ्याजवळ राहील आणि तुमचीही राहील. नाव तुमच्या भावाचंच लावेल. सुट्टी लागली की इथं येईल. तुम्ही तिचे काका आहात, ते कुणाला बदलता येत नाही."

एवढ्या शांतपणे मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. दीर जमिनीकडं बघत होते. बोलल्या त्या जाऊबाई, आतल्या दारातून, डोक्यावरचा पदर सावरत. "पोरगी आईपाशीच ऱ्हाईल. गाईपून वासरू तोडाया आपुन काय कसाई हाव व्हय?" घरात त्यांचा आवाज मी त्यापूर्वी क्वचितच ऐकला होता, आणि बहुधा दिरांनीही. ते उठून बाहेर गेले. आम्ही निघालो तेव्हा मात्र रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि मुलीच्या हातात हरभऱ्याचा ढाळा देऊन परत फिरले.

लग्नाला ते आले नाहीत. दिवाळीला ज्वारीचं पोतं घेऊन आले. आत येऊन बसले, आणि माझ्या नवऱ्यानं दिलेला चहा प्यायले.

मुलगी पैठणला वाढली. सुट्ट्या करमाडला. माझा राग तसाच राहिला, पण या माणसासमोर तो फार वेळ टिकत नाही. मी ओरडायला लागले की ते कागद घेऊन माझं चित्र काढायला बसतात. असं माझं सुख, साधंच, पण मला दर सकाळी त्याची जाणीव होते. ज्याची आशा सोडली होती ते मिळालं की माणूस त्याला सरावत नाही.

मुलीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. एकदा येताना तिनं माझ्यासाठी पुस्तक आणलं. तेच, चिनी शकुनाचं, पण नवं कोरं आणि पहिल्या पानापासून पूर्ण. "तुझं आणि चाचांचं खेळणं," ती म्हणाली. दुपारी चष्मा लावून मी रीत सांगणारं पहिलं प्रकरण उघडलं आणि दुसऱ्याच पानावर थबकले. पहिली रेघ सगळ्यात खाली काढायची. त्यावर दुसरी. भिंत बांधतात तसं, खालून वर.

मी कागद घेतला. माझ्या रागाला उत्तर म्हणून आलेला पहाड खालून वर मांडला. ती वीज निघाली, विजेवर वीज, कडाडणारी. मला हसू आलं, कारण ते तर अगदी बरोबर होतं. मग त्या शुक्रवारच्या रेघा मांडल्या आणि हसू विरलं. पहिल्या तीन तुटलेल्या, त्या खाली. पुढच्या तीन सलग, त्या वर. आभाळ वर, जमीन खाली. सगळं जागच्या जागी, सगळं ठप. चिनी पुस्तकानं मला चक्क थांब म्हटलं होतं.

नवऱ्याला सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे मी चुकून पदरात पडलो म्हणायचं."

त्यांना हसायला काय जात होतं? माझ्या मनात चाचा होते. ते आता पार थकले होते, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. आपण चुकीचं वाचलं हे कळलं तर त्यांना लागेल. आणि न सांगता राहणं माझ्या स्वभावात नाही. शेवटी नवऱ्याच्या स्कूटरवर बसून मी औरंगाबादला गेले. नवरा म्हणाले, "तुम्ही दोघं बोला, मी इथंच थांबतो," आणि गल्लीतच उभे राहिले.

चाचा ओसरीवर पलंगावर पडलेले. मी त्यांच्या पायाशी बसले, चाचींनी पाणी दिलं. मी आडवळणानं सुरुवात केली. नवं पुस्तक, पूर्ण पानं, त्यात एक गोष्ट लिहिलीय...

"पहिली रेघ खाली," चाचा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"त्या शुक्रवारच्या आधी दोन-चार दिवस. मागच्या पानांत एका जागी लिहिलेलं सापडलं. तू आलीस की सांगणारच होतो, की बेटी, आपण सालभर उलटं वाचलं. पण तू आलीस, आणि सवाल लिहिलास." ते दम खायला थांबले. "झूठ मी बोललो नाही. तू काढलेलं चिन्ह वाचून दाखवलं. तू खालून वाचा म्हणाली असतीस तर खालून वाचलं असतं."

"आणि वरून वाचून वाईट आलं असतं तर?"

"तर त्या दिवशी तुला खरी रीत शिकवली असती."

"आणि तीही वाईट निघाली असती तर?" मी सोडायला तयार नव्हते.

उत्तर चाचींनी दिलं, सुपारी कातरता कातरता. "तो एक पैसा पलंग के नीचे गिरता. रातभर ढुंडते बैठते."

मी चाचांचा हात हातात घेतला. पाटी पुसणारा तो हात आता कागदासारखा हलका झाला होता. खूप बोलायचं होतं, तोंडून एवढंच निघालं, "चाचा, तुमचे उपकार..."

"उपकार तुझ्या बापाचे. मी उजवीकडून लिहायचो, तो हसला नाही कधी. पाटी पुसून पुन्हा हातात द्यायचा." मग त्यांनी मान वळवली, जणू दारापलीकडचं दिसत होतं. "जावई आला नाही?"

"आलेत. बाहेर स्कूटरपाशी उभे आहेत."

"त्याला आत बोलव," चाचा म्हणाले. "म्हणावं, तू सीधाच आलास. उलटं वाचलं ते आम्ही."